भरलेला बार आणि रिकामी नळी

बंदुकीच्या इतिहासावर लिहिणारे ग्रंथकार आणि कवायतीची पुस्तके रचणारे सेनाधिकारी या दोघांचेही ज्या एका कर्माकडे सारखेच कमी लक्ष गेले, ते कर्म म्हणजे भरलेला बार न उडवता परत काढणे हे होय. ठासणीच्या बंदुकीला वाट एकच, आणि ती नळीच्या तोंडाशी. त्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग गोळी अथवा छर्रे, आणि त्यांवर पुन्हा बोळा, अशा क्रमाने जे जे आत उतरते आणि गजाने ठासून बुडाशी बसवले जाते, त्याला बाहेर यायचे झाल्यास त्याच तोंडातून, आणि नेमक्या उलट क्रमाने, यावे लागते. काडतुसाची बंदूक मागून उघडते, काडतूस दोन बोटांनी काढून खिशात टाकता येते, आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसला की संशयाला जागा उरत नाही. ठासणीच्या नळीचे बूड बंद असल्यामुळे तिच्यात डोकावून काही दिसत नाही, आणि डोकावू तर मुळीच नये. म्हणून ती भरलेली आहे की रिकामी, हे ठरवणे हीच एक स्वतंत्र विद्या आहे. आणि भरलेली निघाल्यास ती बिनधोक रिकामी करणे ही त्याहून अवघड. भरण्याची विद्या बापाकडून मुलाकडे आपोआप जाते, कारण ती रोज लागते. रिकामे करण्याची विद्या क्वचित लागते आणि म्हणून वाटेतच गळून पडते. आमच्या कोकणात तर बंदुका अजून घराघरांत आहेत आणि ही विद्या जाणणारे हात मात्र बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ही गोष्ट मला फार चिंतेची वाटते, आणि या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोणत्याही डोंगरपायथ्याच्या वाडीत शेती संरक्षणाचा परवाना आणि त्यावर नोंदलेली ठासणीची बंदूक आढळणे यात नवल असे काही नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद नावानिशी केलेली आहे. आणि अशी बंदूक पिकाच्या रक्षणाला अपुरी पडते असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे समाधान झाले, तरच गुळगुळीत नळीची दुसरी एखादी बंदूक देता येते, असेही तेथेच म्हटले आहे. रानडुकरे भातात उतरतात, गवे माडाची नि केळीची रोपे तुडवतात, आणि माकडांच्या टोळ्या परसातली फळफळावळ फस्त करतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर परवानगीवाचून जनावर मारण्याची सोय राहिली नसल्याने पुष्कळ ठिकाणी गोळी न घालता नुसत्या दारूचा बार काढून जनावर पळवतात. तरीही बंदूक भरावी लागतेच.

आता भरलेली बंदूक भरलेलीच का राहते, हे समजून घेतले पाहिजे. भात पिवळे पडू लागले की राखणीला गेलेला माणूस तिन्हीसांजेला बंदूक भरून माळ्यावर बसतो. एखाद्या रात्री जनावर येते, एखाद्या रात्री येत नाही. सकाळी घरी परतताना केप, म्हणजे घोडा पडताच ठिणगी देणारी टोपी, तेवढी काढून घ्यावी, आणि नळीतला बार आज रात्री कामी येईल म्हणून तसाच राहू द्यावा, हा सर्वत्र चालत आलेला शिरस्ता आहे. मग पाऊस लागतो, कोणी आजारी पडतो, कापणी उरकते, आणि बंदूक खुंटीवर चढते. खुंटीवरच्या बंदुकीत बार आहे ही गोष्ट ज्याने भरली त्याच्या स्मरणात असते; घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नसते. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षे उलटली तरी आपला धर्म सोडत नाही.

अशा बंदुका वर्षानुवर्षांनी उजेडात येण्याचा एक प्रसंग म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागू झाली की परवानाधारकांपैकी कोणाकोणाची शस्त्रे जमा करून घ्यायची याची छाननी होते, नोटिसा निघतात, आणि गावोगावचे शेतकरी खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन पोलीस ठाण्याची वाट धरतात. ठाण्यात शस्त्र रिकामे करून हवाली करावयाचे असते. ज्यांना आपल्या बंदुकीची खात्री नसते असे शहाणे लोक तत्पूर्वी कारागिराकडे जातात. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागल्या अंगाला असलेल्या अशाच एका परवानाधारक कारागिराच्या दुकानात बसून मी हे काम पाहिले. त्याचे घराणे पिढीजात लोहारकीचे. आपले नाव छापू नये अशी त्याने इच्छा दर्शवली, आणि ती मी पाळतो आहे.

दुकानात आल्याबरोबर डोळ्यांत भरते ती त्याची एक सक्त रीत. गिऱ्हाईक कोणीही असो, बंदुकीचे तोंड भिंतीकडे, जिथे मातीने भरलेली पोती रचून ठेवलेली आहेत तिकडे, झाल्यावाचून तो नमस्कारसुद्धा घेत नाही. मी होतो त्या सकाळी एक तरुण शेतकरी आला आणि बंदूक ठेवता ठेवता म्हणाला, “रिकामीच आसा, नुसती पुसून देवा.” कारागिराने त्याच्याकडे न पाहताच उत्तर दिले, “आदी गज घालूया, मगे रिकामी म्हणा.”

त्याने प्रथम घोडा अर्ध्या खाचेवर आणला आणि निपलावर, म्हणजे केप जिच्यावर बसते त्या नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाच्या चुचीवर, केप नाही ना हे पाहिले. केप नव्हती, पण जुन्या केपेचा एक पातळ पत्रा निपलाला चिकटून होता. तो त्याने सुरीच्या टोकाने खरवडून टाकला. मग बंदुकीबरोबर आलेला लोखंडी गज बाजूला ठेवून स्वतःचा पितळी गज घेतला, कारण पितळेने ठिणगी पडत नाही. नळीच्या तोंडासमोर शरीराचा कोणताही भाग येणार नाही अशा बेताने, बाजूला उभे राहून, त्याने तो गज अलगद आत सोडला. रिकाम्या नळीत गज बुडाच्या पोलादावर आपटून खणखणीत नाद येतो. येथे बद्द असा आवाज आला. त्याने तोंडाशी गजावर अंगठ्याचे नख रोवून खूण धरली, गज बाहेर काढला, आणि ती खूण तोंडाशी तशीच ठेवून तो नळीच्या वरून बाहेरच्या अंगाने आडवा धरला. रिकाम्या बंदुकीत गजाचे टोक निपलापर्यंत पोचले पाहिजे. ते पोचले नाही. उणीव किती पडली हे त्याने बोटांनी मोजले, आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. एका बाराला चार बोटे पुरतात; येथे वीतभर अंतर राहिले होते.

“ह्येच्यात दोन बार आसत,” तो म्हणाला.

तरुणाने पुष्कळ आठवून पाहिले तेव्हा उलगडा झाला. गेल्या हंगामात वडिलांनी बंदूक भरून खुंटीला लावली होती. पुढे ते अंथरुणाला खिळले, आणि मुलाने ती रिकामी समजून तिच्यावर आपला बार ठासला. त्या रात्री जनावर आले नाही, एवढ्यावरच त्याचे हात आणि डोळे वाचले असे मला वाटते. दोन बारांच्या वजनापुढे दारूच्या वायूला नळीतून वाट काढायला वेळ लागतो, दाब बेसुमार चढतो, आणि दोहोंच्या मध्ये पोकळी राहिली असेल तर नळी त्याच जागी फुटते. नळी फुटली की तिचे लोखंड पहिल्याने लागते ते नळीखाली धरलेल्या डाव्या हाताला.

यानंतरचे काम सावकाशीचे होते, आणि त्या सावकाशीतच त्याचे सारे कौशल्य होते. पान्याने निपल फिरवून काढले. आतली दारू थिजून दगड झालेली, तिला सुईने टोकरण्याचा मोह त्याने केला नाही. बंदूक उभी करून नळीच्या तोंडातून थोडे थोडे पाणी सोडले, निपलाच्या भोकावाटेही सोडले, आणि ती कोपऱ्यात मातीच्या पोत्यांना टेकवून ठेवली. भिजलेली दारू पेटत नाही. पण वरून ठासलेला बोळा पाण्याला लवकर आत जाऊ देत नाही, म्हणून घाई उपयोगाची नाही. दुपार टळल्यावर त्याने पितळी गजाच्या टोकाला पोलादी काटा बसवला. या काट्याची दोन अणकुचीदार टोके कारल्याच्या वेलीच्या तणाव्यांप्रमाणे पीळ घेत पुढे आलेली असतात. ती बोळ्यात फिरवत नेली की काथ्याचे तंतू त्यांत गुंततात. पहिला बोळा आला. पाठोपाठ बंदूक तिरपी करताच छर्रे पत्र्याच्या थाळीत खडखडत उतरले. मग दुसरा बोळा, मग काळा ओला चिखल, आणि त्याखाली, वडिलांच्या हातचा, जुन्या धोतराच्या चिंधीचा घट्ट बोळा. तो यायला फार वेळ लागला. कारागिराने एकदाही जोर केला नाही. अडले की थांबे, पाणी सोडी, आणि पुन्हा काटा फिरवी. शेवटी गज बुडावर खणखणला तेव्हा त्याने तो तरुणाच्या हाती देऊन त्याच्याकडून पुन्हा आत सोडवला, बाहेरून मापवून घेतला, आणि गजावर कानशीने दोन खाचा पाडून दिल्या: एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. घरोघरच्या गजांवर अशा दोन खाचा असल्या तर निम्मे अनर्थ टळतील, अशी माझी पक्की खात्री झाली आहे.

दोनदा भरलेली बंदूक ही एका गाफील कुटुंबाची चूक आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ च्या जुलै महिन्यात, गेटिसबर्ग येथे तीन दिवस घनघोर लढाई झाली. तिच्यानंतर रणभूमीवरून २७,५७४ बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या, त्यांतल्या निम्म्यांत दोन दोन बार होते, सुमारे चौथाईत तीनपासून दहापर्यंत होते, आणि एकीत एकावर एक असे तेवीस बार ठासलेले आढळले. कवायत शिकलेल्या पलटणींच्या या बंदुका. चोहोकडे तोफा धडधडत असताना आपला बार उडाला की नाही हे शिपायाला ऐकू येत नाही. केप बसवायची राहून गेली तर घोडा पडतो, पण बार आतच राहतो, आणि हात कवायतीच्या सवयीने पुढची पुडी उचलतात. त्या हजारो नळ्या शस्त्रागारात कोणीतरी एकेक करून रिकाम्या केल्या असतील, त्या अज्ञात माणसांविषयी मला रणांगणावरच्या सेनापतींहून अधिक आदर वाटतो. दारूची चिवटाई किती याचा दाखला याहून अलीकडचा आहे. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ठेवलेली अठराव्या शतकातली एक जहाजी तोफ २०१३ साली साफ करताना तिच्यात गोळा, बोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू जशीच्या तशी सापडली, आणि पोलिसांना पाचारण करावे लागले.

कोकणातल्या बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत असतात. गेटिसबर्गच्या पुष्कळशा पेचदार चऱ्यांच्या, म्हणजे ज्यांना रायफल म्हणतात त्या जातीच्या होत्या. रायफल रिकामी करणे याहून कठीण. त्या जातीतली आपल्या देशाच्या इतिहासात कायमची नोंदली गेलेली बंदूक म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड. तिची नळी ३९ इंच लांब, व्यास ०.५७७ इंच, आत तीन चरे, आणि ७८ इंचांत एक पूर्ण वेढा घेणारा त्यांचा पीळ. कागदी पुडीत ६८ ग्रेन दारू आणि ५३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅमची, लांबट शिशाची गोळी. भोवतीचा कागद वंगण लावलेला. हे वंगण कशाचे, या प्रश्नावरून १८५७ साली काय घडले ते येथे सांगण्याची आवश्यकता नाही. नळी स्वच्छ असेतो ही गोळी सहज उतरते. पण काही बार उडून गेल्यावर चऱ्यांत काजळीचा थर साचतो, गोळी मध्येच अडकते, आणि मग ती काढण्यासाठी काटा चालत नाही, मळसूत्राचा पेच लागतो. हा पेच गजाच्या टोकाला लावून गोळीच्या मऊ शिशात फिरवत रोवायचा आणि गोळी सरळ ओढून काढायची. पेच मधोमध न बसता कडेला सरकला तर तो चऱ्यांच्या कडा खरवडतो आणि नळी कायमची बिघडते. अमेरिकी लष्कराच्या नियमांत असा पेच आणि कमान दाबण्याचा शिकंजा दहा बंदुकांमागे एकेक दिला जाई, पाना मात्र प्रत्येक शिपायाला. भरण्याची साधने सर्वांना आणि काढण्याची दहांत एकाला, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

उठाव मोडल्यानंतर हिंदी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची जी बंदूक तयार करण्यात आली, ती बाहेरून एन्फिल्डच, पण तिच्या नळीतले चरे नाहीसे झालेले आणि व्यास ०.६५६ इंच. चरे गेले की पल्ला गेला आणि नेम गेला. हिंदी माणसाच्या हातात शस्त्र द्यावयाचे तर ते कमी पल्ल्याचे द्यावे, हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो. आणि शेतकऱ्याला मिळणाऱ्या परवान्यांत गुळगुळीत नळीचा जो आग्रह आजही आहे, त्याचे मूळ मी तरी त्या काळातच शोधतो.

बार निघाला, पण त्या दिवशीचे काम तेथे संपले नाही; आत पाणी गेले होते, आणि बंदूक खोलणे भाग होते. रिकामी झाल्याची खात्री करण्याआधी खोलायला घेणे हे महापाप, असे कारागीर म्हणतो. एन्फिल्डच्या धाटणीची कोणतीही बंदूक खोलण्याचा क्रम जवळजवळ ठरलेला आहे. पहिल्याने गज काढून घ्यावा. मग घोड्याची यंत्रणा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेली असते ती काढावी. घोडा अर्ध्या खाचेवर असावा, कारण तो खाली पडलेला असला तर मोठी कमान लाकडाच्या खोबणीत अडून सागाची अथवा अक्रोडाची कड उडवते. पट्टीला पलीकडच्या बाजूने येणारे दोन पेच धरून असतात. ते एकदम पूर्ण काढायचे नाहीत. थोडे ढिले करून त्यांच्या माथ्यावर लाकडी मोगरीने हलके ठोके द्यायचे, म्हणजे पट्टी आपल्या जागेवरून न तिरपता उचलली जाते. मग पेच काढायचे, आणि कोणता पुढचा, कोणता मागचा, हे विसरायचे नाही. पुढे नळीच्या शेपटीचा पेच, त्यानंतर नळी आणि लाकूड यांना एकत्र आवळणाऱ्या कड्या, वरच्या कडीपासून आरंभ करून. कडी ओढून काढताना वाकडी झाली तर लाकडावर ओरखडा उठतो. कारागीर तिला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने अंगठे लावून सरकवत होता. शेवटी नळी लाकडातून उचलली जाते, आणि तिच्याखाली वर्षानुवर्षे साचलेला पावसाळ्याचा लाल गंज दिसतो. बंदुकीचा मालक जी बाजू रोज पुसतो ती नव्हे, ही झाकलेली बाजू नळीला खाते.

पट्टीवरची यंत्रणा उलगडणे हे मात्र शिकलेल्या हाताचेच काम. घोडा पूर्ण चढवून मोठ्या कमानीला शिकंजा लावायचा, ती दाबून धरली की घोडा उतरवायचा, आणि कमान शिकंज्यासकट बाजूला घ्यायची. त्यानंतर खिट्टीची लहान कमान, खिट्टी, वरचा पूल, आणि सर्वांत शेवटी घोडा नि त्याच्या आसाचे खाचा पाडलेले चाक. या चाकाच्या दोन खाचा फार तर तांदळाच्या दाण्याएवढ्या, पण बंदूक हातात असताना माणसाचा जीव त्यांच्यावर टांगलेला असतो. अर्ध्या खाचेची कड झिजली असेल तर घोडा अर्ध्यावर विसावल्यासारखा दिसतो आणि धक्क्याने पडतो. कारागिराने भिंग लावून त्या दोन्ही खाचा मलाही दाखवल्या. त्या धारदार होत्या, तेव्हा त्याने समाधानाने मान हलवली. नळीच्या बुडाचा पेच मात्र त्याने उघडला नाही. तो पेच तापवून, मोठ्या पान्याने, केवळ निरुपायाने उघडायचा. घरी कोणी त्याला हात लावू नये, आणि आत बार असताना तर आगीचे नावही काढू नये.

नळी कढत पाण्याने धुतली तेव्हा पहिले पाणी काळे, कुजक्या अंड्याच्या वासाचे आले. काळ्या दारूत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. ती जळते तेव्हा निम्म्याहून अधिक भार वायू न होता काजळी आणि क्षार यांच्या घन रूपात उरतो, आणि हे क्षार कोकणच्या हवेतले पाणी ओढून घेऊन लोखंडाला लावतात. तेलाने ते निघत नाहीत, पाण्यानेच विरघळतात. पाणी लोखंडाचा शत्रू म्हणून जे लोक नळीत नुसते तेल सोडतात, ते आपल्या हाताने गंज झाकून ठेवतात. पाणी निर्मळ येऊ लागले, नळी आतून सुकी झाली, तेलाची चिंधी फिरली, आणि ज्या क्रमाने बंदूक उलगडली होती त्याच्या उलट क्रमाने ती पुन्हा उभी राहिली. दुकानाच्या नोंदवहीत परवाना क्रमांक, दुरुस्तीचा तपशील आणि “नळीतून दोन बार काढले” अशी ओळ त्याने स्वच्छ अक्षरात लिहिली.

तरुणाने बंदूक गोणपाटात गुंडाळली. त्याचे भात शेतात उभे होते, आणि ऐन राखणीच्या दिवसांत बंदूक ठाण्यात जाणार म्हणून तो कष्टी होता. पुढचे दिवस डबे बडवून आणि फटाके लावून काढावे लागणार होते. “परत कदी गावात?” त्याने विचारले.

“निकाल लागले काय जावा,” कारागीर म्हणाला. “पण घराकडे नेवच्या आदी हय घेवन येवा. म्हयनोभर पडान रवली काय नळयेक गंज धरता.”

मग त्याने दुसरी बंदूक ओढून घेतली, तिचे तोंड पोत्यांकडे केले, आणि पितळी गज हातात घेतला.